वाचकांचे प्रश्न : ‘किती स्टार मिळतील?’

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे: मुलांना घरातली कामं लावायची कशी आणि त्याबद्दल काही द्यायचं का. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले आहेत. काहींची उत्तरं लांबली, काही चार ओळींत आटोपली.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. जूनमध्ये फ्रिजवर तक्ता लावला. अंथरूण आवरलं की एक स्टार, जेवल्यावर ताट उचललं की एक, दप्तर भरलं की एक. दहा झाले की आइस्क्रीम किंवा अर्धा तास जास्त मोबाइल. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. आता आजोबांचा चष्मा आणून दे म्हटलं तरी विचारतो, ‘किती स्टार मिळतील?’ तक्ता काढला तर काहीच करणार नाही अशी भीती वाटते. — आई, नाशिक

तक्त्याने जे शिकवलं तेच तो शिकला: या घरात हातपाय हलवण्याला भाव आहे. मग चष्म्याचाही भाव विचारणारच.

या बाबतीत एका जुन्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत मार्कर पुन्हा समोर ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्यात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र टिकून होती.

हा प्रयोग घरकामाला जसाच्या तसा लावू नका. चित्रं त्या मुलांना मुळात आवडत होती. चादरीची घडी घालायची मुळात हौस कुणाला असते? नव्या, कंटाळवाण्या कामाची सवय लागेपर्यंत दोन-तीन आठवडे तक्ता वापरला तर काही बिघडत नाही. तुमच्याकडे गडबड झाली ती दोन जागी. स्वतःचं दप्तर आणि घराचं काम यांना एकच भाव लागला, आणि तक्ता कधी संपणार हे कुणीच ठरवलं नव्हतं.

आता तक्ता एका झटक्यात फाडू नका. केलेल्या कामाचे पैसे बुडाले असंच त्याला वाटेल. येत्या रविवारी जमलेले स्टार मोजा आणि जे कबूल केलंय ते देऊन हिशेब पुरा करा. सात झाले असतील तरी आइस्क्रीम द्या, घासाघीस करू नका. मग सांगा, ‘तक्ता सवय लागेपर्यंत होता, आता तुला येतं.’ पुढच्या सोमवारपासून अंथरूण, ताट आणि दप्तर ही तिन्ही ‘तुझीच’ कामं. दात घासायला जसं काही मिळत नाही, तसं यांनाही नाही.

त्याच दिवशी त्याला घराचं एक काम द्या, एकच. ते निवडताना एवढं बघा, की ते झालं नाही तर संध्याकाळपर्यंत घरात कुणाचं तरी अडलं पाहिजे. शोकेस पुसणं हे मुलासाठी वाईट काम आहे, कारण ते आठवडाभर नाही केलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. रात्रीच्या जेवणाला ताटं, वाट्या, पेले घेणं हे चांगलं काम. घरात पाच माणसं आणि पानं चार, की चूक लगेच कळते, तीही तुम्ही न सांगता.

पहिला आठवडा ओढाताण होईल. ‘मग मी नाही करणार’ येईल. त्यावर व्याख्यान नको. ताटं मांडलेली नसतील तर सगळे पाटावर बसून थांबा, गप्पा मारा, आमटी निवली तर निवू द्या. बहुतेक मुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उठतात. आणि झाल्यावर ‘शहाणं माझं बाळ’ याऐवजी जे दिसलं ते सांगा: ‘आजोबांना वाटी मोठी लागते, ते लक्षात ठेवलंस की.’

चष्म्याचं राहिलं. तिथे उत्तर एका शब्दाचं, हसून: ‘शून्य.’ आणि हात पुढे.

मुलगी अकरा वर्षांची. शाळेचा डबा आणि बाटली तिने स्वतः धुवायची असं ठरलंय. मी आठवण केली तर धुते, नाहीतर रात्री दहाला डबा दप्तरातच सापडतो. धुतला तरी झाकणाला वास येतोच, मग मी परत घासते. तिला जबाबदारी कधी कळणार? — आई, कोल्हापूर

तुम्ही लिहिलंय त्यात डबा धुण्याची मेहनत तिची आहे आणि जबाबदारी अजून तुमची. कामाचे तीन भाग असतात: लक्षात ठेवणं, करणं आणि नीट झालं का ते बघणं. पहिला आणि तिसरा तुम्ही धरून ठेवलाय. मधला तेवढा तिच्याकडे आहे. ‘आईला मदत कर’ या वाक्यातच ही खोच असते. मदत करणारा सांगितल्यावर येतो आणि सांगितलं तेवढं करून जातो.

आधी तिसरा भाग, कारण वासाचं कारण साधं आहे आणि ते तिला कुणी दाखवलेलं नसावं. स्टीलच्या डब्याच्या झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची रिंग असते. भाजीचं तेल आणि वाफ रिंगेखालच्या खाचेत जाऊन बसते. वरून कितीही घासलं तरी खाचेला हात लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गरम पोळी भरली की तोच वास उठतो. रिंग काढायची ती चमच्याच्या दांड्याने. सुरीने काढली तर तिला चीर जाते आणि मग आमटी दप्तरात.

घरी आल्यावर उरलंसुरलं ओल्या कचऱ्यात टाकायचं, डब्यात कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा मिनिटं ठेवायचं. तेवढ्यात बूट-मोजे काढून, हातपाय धुऊन होतात. मग घासणी आतून, कडेने आणि क्लिपांच्या बिजागऱ्यांत. रिंग वेगळी, बोटांत धरून चोळायची. खाच जुन्या टूथब्रशने. विसळून, फडक्याने पुसून, रिंग आणि झाकण रात्रभर न लावता तसंच उघडं ठेवायचं. ओल्या डब्यावर झाकण लावलं तर सकाळी कुबट वास ठरलेला. बाटलीला ब्रश, आणि आठवड्यातून एकदा अर्धा चमचा खायचा सोडा व गरम पाणी भरून पंधरा मिनिटं. नळीची बाटली असेल तर नळीही सुटी करायची. रिंग हळदीने पिवळी पडली असेल तर दोन दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा उडतो.

हे सांगून येत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही धुवा आणि तिने बघायचं. दुसऱ्या दिवशी दोघींनी. तिसऱ्या दिवशी ती धुवेल, तुम्ही शेजारी कांदा चिरत उभ्या राहा आणि तोंड मिटून ठेवा. अवघड भाग हाच आहे. चौथ्या दिवसापासून स्वयंपाकघरात थांबूच नका. डबा स्वच्छ झाला हे तिचं तिला कळावं म्हणून तीन कसोट्या द्या: नाकाशी धरला तर वास नाही, बोट फिरवलं तर चिकट नाही, उलटा केला तर थेंब नाही.

आता लक्षात ठेवणं. ‘शाळेतून आल्यावर’ ही वेळ फार सैल आहे, त्यात टीव्हीपासून खेळापर्यंत सगळं मावतं. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला काम बांधा: दप्तर खाली ठेवायच्या आधी डबा आणि बाटली मोरीच्या ओट्यावर. दाराच्या आतल्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली तरी चालेल. तुमचा आवाज म्हणजे तिचा गजर, असं नको. तो चुकून एक दिवस वाजला नाही तर ती तुम्हालाच विचारेल, ‘आठवण का नाही केलीस?’

आणि विसरली तर? हे शांत वेळी, आधी ठरवून ठेवा. सकाळी डबा भरायच्या वेळी स्वच्छ डबा ओट्यावर नसेल, तर त्या दिवशी तूप-गुळाची पोळी फडक्यात गुंडाळून मिळेल. पोट भरेल, मैत्रिणींसमोर भाजी मात्र नसेल. उपाशी पाठवायचं नाही, टोमणा मारायचा नाही, आणि ‘आजच्या दिवस मी धुते’ तर अजिबात नाही. मळका डबा त्याच संध्याकाळी तिच्याच हाती. असं दोन-तीनदा घडू द्यावं लागेल, त्याला इलाज नाही.

तिने धुतलेला डबा तिच्यामागे परत घासणं आजपासून बंद. मुलांना ते कळतं, आणि कळलं की पुढच्या वेळी ती अर्धवटच घासतात. खरकटं दिसलं तर डबा तिच्या हातात द्या, ‘नाकाशी धर’ एवढंच म्हणा.

नात तीन वर्षांची. पोळ्या करायला बसले की ‘मी, मी’ करत येते. कणीक सांडते, वेळ जातो. तिची आई म्हणते हाकलू नका, पण मला दहा पोळ्या करायच्या असतात. — आजी, सांगली

आई बरोबर सांगते, आणि तुमच्या दहा पोळ्याही खऱ्या आहेत. लिंबाएवढा गोळा, छोटं पोळपाट-लाटणं आणि गॅसपासून लांब, जमिनीवर जागा. तिची ‘पोळी’ शेवटी भाजा आणि ती तिलाच वाढा, आकार कसाही असो. रोज शक्य नसेल तर वेगळं काम द्या: मटार सोलणं, कोथिंबिरीची पानं खुडणं, सुकलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. लसूण कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवला तर साल त्या इवल्या बोटांनीही निघते; फक्त ती बोटं नंतर डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून हात लगेच धुवा.

या वयात बक्षीस मुळीच नको. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2008 साली वीस महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणं मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती आधीसारखीच धावत राहिली. हौस फुकट मिळते आहे, तिला किंमत लावू नका.

घरी केर-भांड्यांना मावशी येतात. त्या दोन दिवस रजेवर होत्या. तेरा वर्षांच्या मुलाला रात्रीची भांडी घास म्हटलं, तर म्हणाला, ‘मावशींना महिन्याला पैसे देता, मग मला किती?’ उत्तर सुचलं नाही. पॉकेटमनी कामाला जोडावा का? — वडील, डोंबिवली

त्याचा मुद्दा हुशार आहे, त्याला उडवून लावू नका. उत्तर असं देता येईल: मावशी दुसऱ्याच्या घरचं खरकटं काढतात, ते त्यांचं पोट आहे, म्हणून पगार. आपल्या घरात जेवलेल्याने आपलं घासायचं, त्याचा पगार कुणालाच नाही. आईला नाही, बाबांना नाही. ‘बाबांना नाही’ हे म्हणताना तुम्ही त्या दोन दिवसांत सिंकपाशी उभे राहिलेला असायला हवं, हे ओघाने आलंच.

मावशी येतात त्या घरात मुलं आणखी एक गोष्ट शिकतात, कुणी न शिकवता: टाकलं की उचललं जातं. म्हणून मावशी असतानाही काही कामं मुलाचीच राहू द्या. ताटातलं खरकटं काढून ताट विसळून ठेवणं, खोलीतल्या जमिनीवरचे कपडे-वह्या केर काढायच्या आधी उचलणं, आतले कपडे स्वतः धुणं. आणि त्या रजेवर जाणार हे आधी कळलं, तर कोण काय करणार ते आदल्या रात्रीच वाटून घ्या. तेरा वर्षांच्या मुलाला चार माणसांची भांडी पंचवीस मिनिटांत येतात. पेले आणि चहाची भांडी आधी, तेलकट कढई शेवटी, नाहीतर एकाच घासणीचं तेल सगळ्या पेल्यांना लागतं आणि तो म्हणतो साबणच चांगला नाही.

पॉकेटमनी रोजच्या कामाला जोडू नका. जोडला की एक दिवस तो म्हणेल, ‘या आठवड्यात मला पैसे नकोत, म्हणून भांडी नाहीत,’ आणि हिशेबाने त्याचंच बरोबर असेल. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत असंच झालं होतं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी 2000 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. पैसे भरले म्हणजे उशिराचा हक्क विकत घेतला, असं पालकांना वाटू लागलं, आणि दंड काढल्यावरही उशीर खाली आला नाही. एकदा भाव लागलेली गोष्ट पुन्हा बिनभावाची करणं फार जड जातं.

म्हणून दोन कप्पे करा. पॉकेटमनी हा पैसे वापरायला शिकण्यासाठी आहे. तो ठरल्या वारी, ठरलेला, काम झालं-न झालं याच्याशी संबंध न ठेवता. आकडा शेजाऱ्यांना विचारून ठरवू नका. महिनाभर त्याच्यावरचे सुटे खर्च लिहून काढा: क्लासनंतरचा वडापाव, मित्राच्या वाढदिवसाची भेट, पेनांच्या रिफिली. त्याची बेरीज चारने भागली की आठवड्याचा पॉकेटमनी. त्यानंतर ते खर्च त्यानेच करायचे. बुधवारीच पैसे संपले तर शनिवारपर्यंत उचल नाही.

दुसरा कप्पा जादा कामाचा. इथे पैसे खुशाल द्या, पण ते काम रोजचं नसावं आणि एरवी तुम्ही बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेता असं असावं. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याच्याच दराने नगाप्रमाणे. गाडी धुणं. दिवाळीआधी माळा रिकामा करणं. रद्दी बांधून, वजन करून विकणं. त्यात तर मालाच्या किमतीतला वाटा देता येतो. दर आणि ‘झालं’ म्हणजे काय, दोन्ही आधी ठरवा. शर्टाची कॉलर आणि बाह्या झाल्या नसतील तर तो नग धरायचा नाही. पैसे त्याच दिवशी द्या; ‘नंतर देतो’ म्हणून आपण विसरतो आणि मूल विसरत नाही.

पैसे साठायला लागले तर पोस्टात दहा वर्षांवरच्या मुलाच्या स्वतःच्या नावाने बचत खातं निघतं, 500 रुपयांपासून, आणि सही त्याचीच चालते. काउंटरवर त्यालाच पुढे करा, स्लिप त्यालाच भरू द्या.

एक सावधगिरी. जादा कामांत संडास-बाथरूम धुणं असेल तर बाटल्या आधी तुम्ही निवडून द्या. संडास धुवायच्या ॲसिडच्या द्रवात ब्लीच मिसळलं की क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवाशी खेळ ठरतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ हा मुलांचा सरळ तर्क असतो.

मुलगी यंदा दहावीला. या वर्षी तिला काही काम सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. योग्य ना? — आई-वडील, लातूर

कमी करा, शून्य करू नका. दिवसाला दहा-पंधरा मिनिटांचं, बैठकीतून उठवणारं एक काम ठेवा: सुकलेले कपडे काढून घड्या घालणं, झाडांना पाणी. प्रत्यक्ष पेपरच्या दिवसांत ते दुसऱ्या कुणी उचलावं, पण शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी परत कुणाकडे येणार हे आताच बोलून ठेवा.

मुलगा बारा वर्षांचा, त्याला स्वयंपाकाची आवड आहे. आम्ही दोघं सात वाजता घरी येतो, तोवर त्याने कुकर लावावा असं वाटतं. सासूबाई घरी असतात. त्या म्हणतात, मुलाच्या जातीला हे कशाला, आणि भाजलं-बिजलं तर? — आई, पुणे

सासूबाईंच्या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग गंभीरपणे घ्या आणि पहिला त्यांच्याशी वाद न घालता सोडून द्या. उलट शिकवायचं काम त्यांनाच द्या. इतकी वर्षं कुकर लावणाऱ्या बाईएवढं ते कुणाला येतं? ‘आजीने शिकवलेला भात’ झाला की आक्षेप बराचसा विरतो.

बाराव्या वर्षी, मोठं माणूस घरात असताना, कुकर चालेल. त्याआधी महिनाभर गॅस न पेटवता तयारी: तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुणं, डाळ भिजवणं, मोजणं. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवायची, वाटीला दोन वाट्या पाणी, चिमूट हळद, थोडा हिंग. तांदूळ वाटीला दोन वाट्या. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी, नाहीतर गिचका होतो. डाळीचं भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, कारण ती फेसाळून वर येते आणि शिटीच्या भोकात अडकते.

कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, अॅल्युमिनियमचा असेल तर त्यात लिंबाची साल, म्हणजे आतून काळा पडत नाही. नवशिक्यांची ठरलेली चूक इथेच होते: भांड्यांत पाणी घातलं म्हणजे झालं असं वाटतं आणि तळ कोरडा राहतो. मग शिटी येतच नाही, जळका वास येतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणून झाकण लावायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने म्हणायच्या: तळाला पाणी, रिंग बसली, शिटीचं भोक मोकळं. भोकातून उजेड दिसला पाहिजे.

तीन शिट्ट्या, मग आच मंद करून पाच मिनिटं, आणि गॅस बंद. सैल बाह्यांचा शर्ट नको, पातेलं उचलायला सांडशी कोरड्या हाताने, आणि ओट्याशी असताना मोबाइल खोलीबाहेर.

झाकण उघडणं मात्र सगळ्यात शेवटी शिकवा, निदान पहिले दोन महिने ते आजींनीच उघडावं. वाफ आपोआप उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. चमच्याने शिटी किंचित उचलून बघायची. फुस्स आवाज आला तर सोडून द्यायची आणि थांबायचं. झाकण जोर लावल्याशिवाय निघत नसेल तर आत अजून दाब आहे.